तीन महिन्यांची सरासरी, पण कोणाच्या रक्ताची?

गेल्या काही वर्षांत गावोगाव आणि वस्त्यावस्त्यांतून मधुमेहाच्या तपासणीची शिबिरे भरू लागली आहेत. कधी एखादी औषध कंपनी, कधी खासगी प्रयोगशाळा, तर कधी निवडणुकीवर डोळा असलेला एखादा पुढारी त्यांचा यजमान असतो. रक्त घेतले जाते आणि हाती एक कागद पडतो. त्यावर ‘एचबीए१सी’ या नावापुढे एक आकडा असतो. तो ५.७ च्या खाली असला तर माणूस निरोगी, ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ किंवा अधिक असला तर मधुमेही, असा निवाडा तेथल्या तेथे दिला जातो. उपाशीपोटी येण्याची गरज नाही, थोड्याशा रक्तात तीन महिन्यांची साखर कळते, अशी या तपासणीची जाहिरात असते. जाहिरातीत सांगितलेले बहुतेक खरे आहे. परंतु जे सांगितलेले नाही त्याची किंमत कोणता वर्ग मोजतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचाही प्रश्न आहे, म्हणून त्याची चर्चा येथे केली पाहिजे.

आकड्यामागचे रसायन

रक्तातील तांबड्या पेशी साधारणतः १२० दिवस जगतात. या काळात रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिन या प्रथिनाला हळूहळू चिकटत असते. भाजलेल्या भाकरीवर तांबूस डाग आणणाऱ्या ज्या प्रक्रियेचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ मध्ये केले, तिच्याच जातीची ही मंद क्रिया आहे. रक्तात साखर जितकी अधिक, तितके साखर चिकटलेले हिमोग्लोबिन अधिक. त्याचे शेकडा प्रमाण मोजले म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अदमास येतो. कल्पना सुंदर आहे आणि तिने असंख्य रुग्णांचे भले केले आहे, यात शंका नाही.

या शोधाचा इतिहास मात्र आजच्या विक्रेत्यांना सोयीचा नाही. १९६८ मध्ये तेहरान विद्यापीठातील सॅम्युएल राहबर हे शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे विकृत प्रकार सापडतात काय, हे पाहत होते. विद्युत्प्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याच्या साध्या पद्धतीत मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. तोच पुढे एचबीए१सी म्हणून मान्यता पावला. म्हणजे माणसामाणसांचे हिमोग्लोबिन एकसारखे नसते, या जाणिवेतूनच ही तपासणी जन्माला आली. आज ती विकली जाते ती मात्र सर्वांचे रक्त एकसारखेच असते असे गृहीत धरून.

साखर चिकटलेले प्रथिन ओळखण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीची दृष्टी वेगळी आहे. एक पद्धत विद्युत्भाराच्या फरकावरून हिमोग्लोबिनचे प्रकार नळीतून वेगवेगळे काढते. मोठ्या प्रयोगशाळांतील ‘एचपीएलसी’ यंत्रे बहुधा याच तत्त्वावर चालतात. दुसरी पद्धत बोरोनेट या रसायनाच्या साहाय्याने साखर चिकटलेले सगळेच हिमोग्लोबिन पकडून ठेवते, मग ते कोणत्याही प्रकारचे असो. तिसरी प्रतिद्रव्यांवर अवलंबून असते. ही प्रतिद्रव्ये हिमोग्लोबिनच्या साखळीचे साखर लागलेले टोक ओळखतात. चौथीत विकरांच्या साहाय्याने ते टोक तोडून, त्यावरील साखरेपासून निघणाऱ्या रंगाची तीव्रता मोजली जाते. या सर्वांची गाठ ज्या आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धतीशी घातली जाते, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साखळीचा सहा घटकांचा तुकडा कापून वस्तुमान-वर्णपटमापीने किंवा केशनलिकेतील विद्युत्पृथक्करणाने तपासला जातो.

या संदर्भपद्धतीने मोजू लागताच जुने आकडे सुमारे दीड ते दोन टक्केबिंदूंनी फुगलेले असल्याचे दिसून आले, कारण जुन्या यंत्रांत इतर काही पदार्थही एचबीए१सी म्हणून मोजले जात होते. तरीही जुने टक्केच चालू राहिले. कारण १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष त्या टक्क्यांत नोंदलेले होते आणि डॉक्टरांची सवय त्यांना जडली होती. जुन्या व नव्या मापांना जोडणारे सूत्र ठरवण्यात आले, ६.५ टक्के म्हणजे नव्या मापात ४८ एकक. यात लबाडी नाही. पण जो आकडा निसर्गाचा अटळ निकाल म्हणून लोकांपुढे ठेवला जातो, तो माणसांनी परस्परांत ठरवलेला एक संकेत आहे, आणि ज्यांच्या रक्तावर त्याची प्रतिष्ठा उभी राहिली ते रुग्ण बहुतांशी गोरे होते, एवढे तरी कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे.

एका तपासणीच्या दोन चुका

आता या देशाच्या रक्ताकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रासारख्या ‘प्रगत’ म्हणवणाऱ्या राज्यातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. शरीरात लोह कमी पडले की नव्या तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत, जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि त्यांना साखर चिकटण्यास अधिक अवधी मिळतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. स्पष्टीकरण कोणतेही असो, परिणाम अनेकदा नोंदला गेला आहे: लोहाच्या अभावी एचबीए१सीचा आकडा साखर न वाढताही वर सरकतो.

याचा पुरावा परदेशात शोधण्याची आवश्यकता नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २०१२ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे २१ वर्षे वयाच्या ११६ तरुण-तरुणींची तपासणी दोन्ही रीतींनी करण्यात आली. उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर मोजली, तेव्हा ७.८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. त्यांचीच एचबीए१सी तपासली, तेव्हा ते प्रमाण २३.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे सुमारे तिप्पट! या तरुणांपैकी साधारण एक-तृतीयांश रक्तक्षयाने ग्रस्त होते आणि त्याहून थोड्या अधिकांच्या शरीरात लोहाची कमतरता होती. आकडा फुगण्यास साखरेबरोबर रक्ताची ही अवस्थाही कारण होती, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

शिबिरात हे कसे उतरते ते पाहावे. शेतमजुरी करणारी एखादी स्त्री तेथे येते. तिच्या अंगात रक्त नाही. तिला लोहाच्या गोळ्या आणि पोटभर सकस अन्न हवे आहे. तिला मिळतो तो ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर’ असा शिक्का, आणि सोबत गोड, भात, बटाटा सोडण्याचा उपदेश. उपासमारीच्या रोगावर कमी खाण्याचा उपाय! कुपोषणाचे रूपांतर चंगळीच्या रोगात करणारी ही किमया एखाद्या मंत्र्याच्या भाषणालाही साधली नसती. ती एका छापील कागदाने साधली.

दुसरी चूक उलट दिशेची आणि अधिक घातक आहे. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा, माडिया, गोंड या समाजांत आणि विदर्भातील दलित व अन्य मागास जातींतही सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. काही आदिवासी समूहांत वाहकांचे प्रमाण शेकडा २० च्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. भारतात या विकाराची पहिली शास्त्रीय नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. तेव्हा ही गोष्ट काल-परवा कळली, असेही कोणाला म्हणता येणार नाही. ज्याला आई आणि वडील दोघांकडून हे जनुक मिळाले, त्याच्या रक्तात नेहमीचे हिमोग्लोबिन नसतेच. मग त्याचा एचबीए१सी काढायचा कशावरून? शिवाय त्याच्या तांबड्या पेशी १२० ऐवजी अवघे १० ते २० दिवस जगतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. यंत्र काही तरी आकडा छापते, तो दिसायला निर्धोक असतो, आणि आत साखर डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा पोखरत राहते.

बोरोनेटची पद्धत वापरली तर हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा गोंधळ बराच टळतो, हे खरे. पण पेशीच अल्पायुषी असेल तर जगातील कोणतीही पद्धत तिच्यावरून तीन महिन्यांचा हिशेब सांगू शकणार नाही. एकाच पालकाकडून जनुक मिळालेल्या वाहकांच्या बाबतीतही निश्चिंत राहता येत नाही. अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या एका अभ्यासात २०१७ मध्ये असे दिसले, की रक्तातील साखर सारखीच असतानाही वाहकांचा आकडा सरासरी ०.३ टक्केबिंदूंनी कमी येतो. त्याच वर्षी जी६पीडी या विकराच्या जन्मजात उणिवेविषयी आणखी एक अंदाज प्रसिद्ध झाला. तांबड्या पेशींचे आयुष्य कमी करणारी ही उणीव भारतातही अपरिचित नाही. केवळ एचबीए१सीवर विसंबल्यास अमेरिकेतील सुमारे साडेसहा लाख आफ्रिकन-अमेरिकन मधुमेही निदानातून निसटतील, असे त्या अभ्यासाचे गणित होते.

सारांश असा, की ज्या स्त्रीला मधुमेहाची भीती नको तिला ही तपासणी भीती विकते, आणि ज्या आदिवासीला सावध करायला हवे त्याला खोटा दिलासा देते. चूक दोन्हीकडे होते, आणि दोन्हीकडे तिचा बोजा गरिबावरच पडतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात खासगी लाभ आणि सामाजिक परिव्यय यांतील तफावत शिकवताना कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतात. प्रयोगशाळेच्या या कागदाचे उदाहरणही तितकेच चपखल ठरेल. तपासणीचा नफा विकणाऱ्याच्या खाती जमा होतो. चुकीच्या निदानाचा खर्च मजुराच्या बुडालेल्या रोजात आणि तापलेल्या पायाच्या जखमेत विखुरला जातो, म्हणून तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

अर्धे वाक्य विकणारा बाजार

येथे दोष विज्ञानाचा आहे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या तपासणीला निदानासाठी मान्यता दिली ती दोन अटींवर: तपासणीच्या गुणवत्तेची कठोर हमी असली पाहिजे, आणि रुग्णाला अचूक मापनात बाधा आणणारा विकार नसला पाहिजे. आकडा ६.५ च्या खाली आला म्हणून ग्लुकोजच्या तपासणीने ठरणारा मधुमेह नाहीच, असे समजू नये, हेही तेथे स्पष्ट नमूद आहे. बाजाराने या वाक्याचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध गाळला. कारण उत्तरार्धाला गिऱ्हाईक नाही.

प्रयोगशाळांच्या व्यवहारात हे कसे घडते तेही समजून घेतले पाहिजे. अनेक ठिकाणी यंत्र जवळपास फुकट बसवून दिले जाते. बदल्यात दरमहा ठरावीक संख्येची किट त्याच कंपनीकडून घेण्याचा करार असतो. त्या यंत्रात दुसऱ्याचे रसायन चालत नाही. मग जितक्या तपासण्या अधिक, तितका प्रत्येक तपासणीचा खर्च कमी; म्हणून शिबिरे, म्हणून ‘पॅकेज’. सरकारी खरेदीतही सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्याचा दंडक असतो. जिल्ह्यातील लोकांच्या रक्ताला कोणती पद्धत मानवते, हा रकाना निविदेत नसतोच. गडचिरोलीसाठी आणि मुंबईच्या मलबार हिलसाठी एकच यंत्र चालेल, असे मानणारी ही समता आहे!

याहूनही संतापजनक बाब पुढेच आहे. विद्युत्भारावर चालणारे एचपीएलसी यंत्र रक्त तपासताना आलेख काढते, आणि हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असेल तर त्या आलेखावर त्याचे शिखर पुष्कळदा स्वच्छ दिसते. सिकलसेलचे निदान करण्यासाठीही हेच तंत्र वापरतात. म्हणजे यंत्राला दिसते. पण रुग्णाच्या हाती जो कागद पडतो त्यावर आलेख नसतो, पद्धतीचे नाव नसते, हिमोग्लोबिनचे प्रमाण नसते. असतो तो फक्त दशांशचिन्हासह एक आकडा. दशांशचिन्हाला या देशात विलक्षण मान आहे.

दोन आक्षेप

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. ग्लुकोजच्या तपासणीसाठी रात्रभर उपाशी राहावे लागते, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तास बसावे लागते. ऊसतोड कामगाराने किंवा बांधकामावरील बाईने अर्धा दिवस कोठून आणायचा? त्यापेक्षा कोणत्याही वेळी देता येणारी तपासणी बरी नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याची टिंगल करू नये. पण त्याचे उत्तर चुकीचा आकडा हे असू शकत नाही. मजुराला दोन तासांचा वेळ मिळत नाही, हा त्याच्या रक्ताचा दोष नसून मजुरीच्या व्यवस्थेचा दोष आहे. रोजगार हमीच्या कामावर, साखर कारखान्याच्या अड्ड्यावर, मजूर-नाक्यावर पहाटे जाऊन तपासणी करता येते आणि तो वेळ भरपगारी धरता येतो. देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचे सांगणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही मुख्यतः ग्लुकोजच्या तपासणीवरच उभी आहे. शास्त्रज्ञांना देशाची गणती करायची होती तेव्हा त्यांनी ही दगदग सोसली. मग एकेका गरीब माणसाच्या निदानासाठी ती सोसणे अशक्य कसे?

दुसरा आक्षेप डाव्या गोटातून येतो, म्हणून त्याला अधिक स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, त्याची तपासणी हा औषध कंपन्यांचा कावा, कष्टकऱ्यांनी तिच्या नादी लागू नये, असे काही कार्यकर्ते आजही बोलतात. हे अज्ञान आहे आणि ते घातक आहे. झोपडपट्टीतला रिक्षाचालक आणि खेड्यातली विधवा या रोगाने आज आंधळी होत आहेत. ज्या चुका येथे मांडल्या त्या संशोधकांनीच, त्यातही पुण्यातील संशोधकांनी, शोधून काढल्या. घोषणा देणाऱ्यांनी नव्हे. एचबीए१सी टाकून देण्याची मागणी मूर्खपणाची ठरेल. रक्त सुदृढ असलेल्या मधुमेही रुग्णाच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन क्वचितच असेल. मागणी करायची ती साधन कोणाच्या हाती असावे आणि कोणत्या अटींवर वापरावे, याविषयी.

काय मागावे?

पहिली मागणी बिनखर्चाची आहे. एचबीए१सीच्या प्रत्येक अहवालावर तपासणीची पद्धत, त्याच रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि रक्तक्षय वा सिकलसेल असल्यास हा आकडा विश्वसनीय नाही, ही सूचना ठळक मराठीत छापण्याची सक्ती शासनाने करावी. वेष्टनावर किंमत छापण्याची सक्ती होऊ शकते, तर यास अडचण कोणती?

दुसरी मागणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे तिचे उद्दिष्ट आहे आणि तपासलेल्यांना कार्डे दिली जातात. मधुमेहाचा कार्यक्रम त्याच आरोग्य केंद्रात, त्याच परिचारिकेच्या हातून चालतो. तरीही एका कार्डातली माहिती दुसऱ्या नोंदवहीत जात नाही. ती गेली पाहिजे, आणि ज्याच्या कार्डावर सिकलसेलची नोंद आहे त्याचे निदान ग्लुकोजच्या तपासणीनेच झाले पाहिजे.

तिसरी मागणी. पेशींवर अवलंबून नसलेल्या तपासण्या जिल्हा रुग्णालयांत उपलब्ध व्हाव्यात. रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी ‘फ्रुक्टोसामाइन’ तपासणी १९८३ मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी मांडली. ती रंगमापनावर चालते आणि रुग्णालयात एरवी असणाऱ्या जैवरासायनिक यंत्रावर होऊ शकते. साखर चिकटलेल्या अल्ब्युमिनची तपासणीही आता प्रचारात आहे. दोन्ही मागील दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतात. यकृताच्या आणि मूत्रातून प्रथिने जाण्याच्या विकारांत त्यांनाही मर्यादा पडतात; परंतु सिकलसेलच्या रुग्णाला त्या आंधळ्या आकड्यापेक्षा निश्चित अधिक प्रकाश देतील.

चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. संदर्भ प्रयोगशाळा आणि रसायनांचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात आले पाहिजे. मुंबईत राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे आणि चंद्रपूर येथे तिचे हिमोग्लोबिन-विकारांचे केंद्र आहे. साखर चिकटलेल्या प्रथिनांवर वस्तुमान-वर्णपटमापनाने संशोधन करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात आहे. विद्या घरात आहे. पण किट बाहेरून येते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना करून या देशाने पेनिसिलिन बनवून दाखवले होते. पुढे त्या कारखान्याची जी दशा होऊ दिली गेली, तिचे कारण बुद्धीचा अभाव हे नव्हते, इच्छेचा अभाव हे होते. एक रंग-रसायन आणि चार विकर बनवणे पेनिसिलिनपेक्षा अवघड नाही.

कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांचा म्हणून बाजूस सारू नये. शिधापत्रिकेवरील धान्याचे वजन तपासायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. काट्याखाली चुंबक लावला आहे काय, एवढे पाहावे लागते. आरोग्य केंद्रात जावे, कोणत्या पद्धतीने तपासणी होते ते माहितीच्या अधिकारात विचारावे, निविदेच्या अटी मागाव्यात, वस्तीत शिबिर भरले तर ज्या स्त्रीला ‘उंबरठ्यावर’ ठरवले तिचे हिमोग्लोबिन तपासले काय, हा एकच प्रश्न मोठ्याने विचारावा. उत्तर बहुधा मिळणार नाही. ते मिळेपर्यंत विचारत राहणे हे काम आता पक्षाच्या शाखांनी अंगावर घेतले पाहिजे.